डाव्या बाजूचे नट: पार्ल्यातील एक डिस्क-वाचनालय आणि हॅरी डीन स्टँटन

विलेपार्ले पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका जुन्या सोसायटीच्या तळमजल्यावरील गाळ्यात चित्रपटांच्या डिस्क घरी नेण्यासाठी देणारे एक वाचनालय अजून सुरू आहे. ‘वाचनालय’ हा शब्द माझ्या पदरचा नाही. या गाळ्यातून पूर्वी मासिके आणि दिवाळी अंक घरोघरी फिरत असत. मालकांनी पुढे त्यांच्या जागी डिस्क आणल्या, पण पाटीवरचा शब्द खोडला नाही. ‘नाव लिहू नका, गर्दी झाली तर मला एकट्याला झेपणार नाही,’ असे त्यांनी बजावल्यामुळे मी येथे नाव देत नाही. गेल्या जूनमध्ये मी सभासद झाले आणि जुलैअखेरपर्यंत एकाच अमेरिकन नटाच्या अकरा डिस्क तेथून आणून पाहिल्या. परीक्षण या सेवेचे आहे. पण तिचे मोल त्या नटाविषयी बोलल्याखेरीज सांगता येण्यासारखे नाही, म्हणून दोन्ही विषय एकत्रच येतील.

कोणत्याही डिस्कच्या दुकानात मांडणी असते ती नायकाच्या, दिग्दर्शकाच्या किंवा फार तर भाषेच्या नावाने. येथेही तीन भिंतींवर तशीच मांडणी आहे. चौथ्या भिंतीला मात्र एक राखाडी पोलादी कपाट आहे आणि त्यातील खणांवर ज्यांची नावे चिकटवली आहेत ती मंडळी पोस्टरवर क्वचितच झळकली असतील. हंगल, इफ्तेखार, डेव्हिड, ललिता पवार. आणि गिनेसच्या नोंदीनुसार १४४ चित्रपटांत पोलीस निरीक्षक झालेले जगदीश राज. खालच्या तीन खणांत परदेशी नट आहेत. मालक या सर्वांना ‘डाव्या बाजूचे नट’ म्हणतात. पानात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर वाढतात. पंगतीत बसलेला माणूस भाजी-आमटीची तारीफ करत उठतो, पण डावी बाजू वाढायची राहून गेली तर त्याच भाजीला चव येत नाही, असा त्यांचा सिद्धांत आहे. सिद्धांत कोणालाही मांडता येतो. त्यासाठी एक अख्खे कपाट अडवून ठेवणारा दुकानदार मात्र मला मुंबईत दुसरा आढळलेला नाही.

प्रत्येक नटाच्या निवडक डिस्क एका कापडी पिशवीत बांधलेल्या असतात. तिला ‘गाठोडे’ म्हणतात आणि ते महिन्याच्या मुदतीने मिळते. सोबत एक टंकलिखित कागद असतो: चित्रपट, वर्ष, त्यात हा माणूस कोण आणि साधारण केव्हा दिसतो. सभासदत्वाची अनामत ₹ १,५००, मासिक वर्गणी ₹ ३०० आणि गाठोडे नेल्यास वर ₹ १५०. घरबसल्या बोटाच्या टोकावर हजारो चित्रपट असताना हे पैसे कशाला द्यायचे, असा प्रश्न आमच्या घरातही झालाच. मी उत्तरादाखल मुलाला त्याच्या मोबाईलवर हॅरी डीन स्टँटन हे नाव शोधायला सांगितले. दोन चित्रपट आले, आणि त्याखाली ‘तुम्हाला हेही आवडेल’ म्हणून ज्यांत हा माणूस औषधालाही नाही असे वीस.

मुंबईतल्या बहुसंख्य प्रेक्षकांनी स्टँटनला पाहिलेले आहे, फक्त त्यांना ते ठाऊक नाही. २०१२च्या ‘द अॅव्हेंजर्स’मध्ये आकाशातून कोसळलेला हल्क पुन्हा माणूस होऊन एका पडक्या इमारतीच्या ढिगाऱ्यात उघडा पडलेला असतो, तेव्हा तेथे एक म्हातारा सुरक्षारक्षक उभा असतो. तू परग्रहावरचा आहेस का, एलियन आहेस का, असे तो शांतपणे विचारतो. नाही म्हटल्यावर, मग बाळा तुला काहीतरी दुखणे आहे, असे निदान करतो आणि अंगावर घालायला कपडे देतो. आख्ख्या चित्रपटात जगबुडी चाललेली असताना हा एकटा माणूस, सोसायटीच्या फाटकावरचा वॉचमन रात्री उशिरा आलेल्या भाडेकरूशी बोलावा, तितक्या सहजपणे बोलतो. माझ्या मुलाला हा प्रसंग तोंडपाठ होता, पण नटाचे नाव त्याने प्रथमच ऐकले. आणि त्या ‘एलियन’ शब्दातील खोच तर गाठोड्यातील तिसरी डिस्क पाहिल्यावरच आम्हाला कळली.

स्टँटनचा जन्म १४ जुलै १९२६चा, केंटकी राज्यातील वेस्ट आयर्विन या लहानशा गावातला. वडील तंबाखूची शेती करीत आणि केशकर्तनाचा व्यवसायही करीत. दुसऱ्या महायुद्धात तो अमेरिकेच्या नौदलात होता, रणगाडे किनाऱ्यावर उतरवणाऱ्या एका जहाजावर स्वयंपाकी म्हणून, आणि १९४५च्या ओकिनावाच्या लढाईच्या वेळी तो तेथे होता. परत आल्यावर केंटकी विद्यापीठात त्याने पत्रकारिता आणि रेडिओ यांचा अभ्यास केला, तेथील रंगमंचावर नाटकांत कामे केली आणि मग कॅलिफोर्नियातील पासाडेना प्लेहाउसमध्ये शिक्षण घेतले. दूरचित्रवाणीवर त्याचे पहिले काम १९५४चे. त्यानंतरची दहा-बारा वर्षे म्हणजे घोडे, पिस्तुले, धूळ आणि मालिकेच्या एखाद्या भागात येऊन मरणारे गुंड. हॅरी स्टँटन नावाचा आणखी एक नट असल्यामुळे घोटाळा टाळण्यासाठी त्याचे नाव त्या काळात ‘डीन स्टँटन’ असे लागत असे. कागदावर ही सूचना ठळक केलेली आहे; अन्यथा १९६७च्या ‘कूल हँड ल्यूक’च्या नामावलीत मी त्याला शोधतच बसले असते.

‘कूल हँड ल्यूक’मध्ये पॉल न्यूमन नायक आहे आणि स्टँटन तुरुंगातील अनेक कैद्यांपैकी एक. त्याच्या वाट्याला गिटार आणि भक्तिगीते आली आहेत. तो गातो तेव्हा कॅमेरा त्याच्याकडे फार वेळ पाहतही नाही, पण बराकीतील उकाडा आणि कंटाळा त्याच्या आवाजातून उतरतो. गळा चांगला होता आणि पुढेही तो मित्रमंडळींच्या बैठकीत आणि छोट्या क्लबांत गात राहिला. जॅक निकल्सन हा त्याचा जवळचा मित्र. दोघे काही काळ एका घरात राहत, आणि निकल्सनच्या १९६२च्या लग्नात स्टँटन त्याच्या बाजूने उभा होता. निकल्सनने लिहिलेल्या एका काऊबॉयपटात त्याला दरोडेखोराची भूमिका मिळाली तेव्हा मित्राने सल्ला दिला की तू काही करू नकोस, अभिनय कपड्यांना करू दे, तू फक्त तू राहा. हे स्टँटन पुढे मुलाखतींतून सांगत असे. सल्ला ऐकायला सोपा वाटतो. आपल्याकडे हौशी नाटकाच्या तालमीत ‘काही करू नकोस’ म्हटल्यावर मुलांचे हात कसे लाकडी होतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला त्यातील अवघडपण कळेल.

‘गॉडफादर’च्या १९७४च्या दुसऱ्या भागात तो एफबीआयचा माणूस आहे, डोळ्याला पाणी लावून पाहिले नाही तर निसटेल एवढाच. मात्र १९७८च्या ‘स्ट्रेट टाइम’मधील एका प्रसंगासाठी मी ती डिस्क दोनदा लावली. डस्टिन हॉफमन तुरुंगातून सुटलेला चोर आहे आणि स्टँटन त्याचा जुना जोडीदार, आता सज्जन होऊन घर, बायको आणि अंगणात पोहण्याचा तलाव असलेला. पाहुण्यांसाठी अंगणातल्या शेगडीवर मांस भाजणे चालू आहे, बायको कौतुकाने बोलते आहे. ती क्षणभर आत जाते आणि हा मित्राकडे पाहून दबक्या आवाजात म्हणतो की मला येथून बाहेर काढ. चेहऱ्यावरची सुखवस्तू माणसाची घडी तशीच आहे, फक्त आवाजाखालून जमीन सरकली आहे. बायको परत येते आणि तो पुन्हा शेगडीकडे वळतो. याच चित्रपटात एम. एमेट वॉल्श हा दुसरा डाव्या बाजूचा नट पॅरोल अधिकारी म्हणून आहे. समीक्षक रॉजर एबर्ट यांनी या दोघांच्या नावाने एक नियमच केला होता: स्टँटन किंवा वॉल्श ज्यात सहायक भूमिकेत आहे, तो चित्रपट पूर्णपणे वाईट असू शकत नाही. पुढे त्यांना स्वतःलाच अपवाद मान्य करावे लागले, पण नियम म्हणून तो आमच्या कोणत्याही ‘तुम्हाला हेही आवडेल’पेक्षा अधिक भरवशाचा निघाला.

१९७९च्या ‘एलियन’मध्ये तो अंतराळयानातील तंत्रज्ञ ब्रेट आहे. फुलाफुलांचा शर्ट, डोक्यावर टोपी, आणि दुसऱ्या कोणी काही म्हटले की ‘राइट’ एवढीच पुस्ती. तो आणि त्याचा जोडीदार तंत्रज्ञ यानात तळाशी काम करतात, बोनस कमी मिळतो म्हणून कुरकुरतात. रेल्वेच्या कारशेडमध्ये किंवा गोदीत शोभतील असे कामगार. हरवलेले मांजर शोधायला ब्रेट एका उंच दालनात शिरतो. वरून साखळ्या लोंबत आहेत, पाणी ठिबकत आहे. तो थांबतो, चेहरा वर करतो आणि ते पाणी तोंडावर घेतो. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला ठाऊक असते; दमलेल्या माणसाने चार क्षण गारवा घ्यावा यापलीकडे त्याला काहीच ठाऊक नसते. बाहेर आमच्या खिडकीच्या पत्र्यावर पाऊस वाजत असताना हा प्रसंग पाहणे हा या सेवेचा भाग नव्हता, पण वर्गणीत तेही वसूल झाले.

गाठोड्याचा मध्य म्हणजे १९८४चा ‘पॅरिस, टेक्सास’, आणि सेवेविषयीची माझी मुख्य तक्रार तसेच मुख्य कौतुक दोन्ही याच डिस्कशी जोडलेले आहे. सांता फे येथील एका बारमध्ये नाटककार सॅम शेपर्ड यांच्याशी गप्पा मारताना स्टँटन म्हणाला की त्याच त्या भूमिकांचा आता वीट आला आहे, काही सुंदर, संवेदनशील असे करावेसे वाटते. समोरचा माणूस आपल्याला मनातल्या मनात मुख्य भूमिकेसाठी जोखतो आहे याची त्याला कल्पना नव्हती. चित्रीकरण झाले १९८३मध्ये, तेव्हा तो ५७ वर्षांचा होता. (वाचनालयाच्या कागदावर ‘साठीनंतरची पहिली मोठी भूमिका’ असे छापले आहे. मी दुरुस्ती सांगितली. मालकांनी पेन्सिलने केली.) विम वेंडर्स यांच्या या चित्रपटाला त्या वर्षी कान महोत्सवात पाम दोर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला.

लाल टोपी आणि मळका कोट घातलेला ट्रॅव्हिस वाळवंटातून चालत येतो आणि बराच वेळ एक अक्षरही बोलत नाही. नायकाला तोंड उघडू न देणारा लेखक आणि तीस वर्षे दोन-चार वाक्यांवर निभावून नेणारा नट, असा योग येथे जुळून आला आहे. ज्याला कमी बोलण्याची सवय लागली आहे त्याचे न बोलणे रिकामे वाटत नाही. शेवटाकडे तो बायकोला भेटतो ते एका आरशाच्या काचेतून: त्याला ती दिसते, तिला तो दिसत नाही, आणि दोघांमध्ये फक्त फोन. दुसऱ्या भेटीत तो खुर्ची फिरवतो, तिच्याकडे पाठ करतो आणि मग आपल्या दोघांचीच गोष्ट, कोणा तिऱ्हाइतांची असावी तशी सांगू लागतो. तोंड फिरवल्याशिवाय त्याला ते सांगता येणार नाही, हे कोणी समजावून द्यावे लागत नाही.

नेमक्या या ठिकाणी डिस्क अडकली. चित्राचे चौकोन झाले, आवाज तुटला आणि बायको झालेल्या नस्तास्या किन्स्कीचा चेहरा अर्ध्यावर गोठून राहिला. भर पावसात मी डिस्क घेऊन वाचनालयात गेले. मालकांनी ती उजेडाकडे तिरकी धरली, बुरशीचा पुसट डाग दाखवला, द्रवरूप साबणाचा एक थेंब टाकून पाण्याखाली धरली आणि मलमलच्या फडक्याने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसली. ‘गोल गोल पुसू नका, ओरखडा डिस्कवरच्या माहितीच्या गोल रेषेच्या दिशेने गेला की वाचणाऱ्या किरणाला तो ओलांडता येत नाही,’ हे त्यांनी मला दोनदा सांगितले. डिस्क चालली. तरीही अशी डिस्क गाठोड्यात जायला नको होती. कपाटात सिलिका जेलच्या पुड्या आहेत, पण डिस्क प्लास्टिकच्या डब्यांतून काढून कागदी पाकिटांत ठेवण्याची पद्धत मुंबईच्या पावसाळ्यात चुकीचीच आहे. दोन पाकिटे तर डिस्कला चिकटून आली होती.

आता कौतुक. या चित्रपटाच्या वाचनालयात दोन प्रती आहेत. मला प्रथम मिळाली ती ब्रिटनहून आलेली डीव्हीडी होती. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित होतो. आपल्याकडील आणि ब्रिटनमधील ‘पाल’ (PAL) या जुन्या दूरचित्रवाणी पद्धतीत तो २५ चौकटींनी चालवला जातो, म्हणजे सुमारे ४ टक्के अधिक वेगाने. जवळपास अडीच तासांचा चित्रपट सहा मिनिटे आधी संपतो. मालकांनी आपण होऊन सांगितले की दुसरी प्रत, ब्लू-रे, परत आली की फोन करतो, हा माणूस वेगाने पाहू नका. मी हसले होते. दहा दिवसांनी ब्लू-रे आणली, जी २४ चौकटींनीच चालते, आणि मला मान्य करावे लागले की फरक आहे. ती सहा मिनिटे नेमकी कोठे होती हे दाखवता येणार नाही, पण ट्रॅव्हिस पहिल्यांदा बोलण्याआधी भावाच्या गाडीत बसून राहतो तेव्हा शेजारी बसल्याचा अवघडलेपणा या वेळी अधिक वेळ टिकला. कोणत्या नटासाठी कोणती प्रत द्यावी याचा विचार करणारी सेवा म्हणून मी तिला या एका गोष्टीसाठी भरभरून गुण देईन.

डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत: अमेरिकेतील डीव्हीडी विभाग १च्या असतात आणि आपले प्लेअर विभाग ५चे, त्यामुळे गाठोड्यातील काही डिस्क घरच्या प्लेअरवर चालणार नाहीत. सर्व विभागांच्या डिस्क चालवणारा प्लेअर आठवड्याला ₹ १०० भाड्याने मिळतो. तो जड आहे आणि त्याचा रिमोट चालवायला मनगट नव्हे, नवस लागतो. मराठी उपशीर्षके अर्थातच नाहीत. इंग्रजी उपशीर्षके आहेत आणि ती लावावीत, कारण स्टँटनचे केंटकीकडचे ओढून बोलणे आपल्या कानाला लगेच उलगडत नाही.

‘पॅरिस, टेक्सास’नंतर तो नायक झाला का? नाही, आणि त्याने त्याचा बाऊ केल्याचेही दिसत नाही. त्याच वर्षीच्या ‘रेपो मॅन’मध्ये तो हप्ते थकवणाऱ्यांच्या गाड्या उचलून नेणारा तिरसट बड आहे, १९८६च्या ‘प्रिटी इन पिंक’मध्ये बायको सोडून गेल्याने मोडून पडलेला बेकार बाप. १९९९च्या ‘द ग्रीन माईल’मधील काम छोटे आणि थोडे चावट आहे, तीन तासांची डिस्क त्यासाठी आणण्याची गरज नव्हती, ती गाठोड्यातून काढली तरी चालेल. त्याऐवजी ‘बिग लव्ह’ या मालिकेतील एखादा भाग घालायला हवा होता. तेथे तो अनेक बायकांचा दादला असलेला स्वयंघोषित प्रेषित आहे आणि इतर कोठेही न दिसणारा थंड दुष्टपणा त्याने त्यात दाखवला आहे.

१९९९चाच ‘द स्ट्रेट स्टोरी’ मात्र अजिबात वगळू नये. म्हातारा अॅल्विन आजारी भावाला भेटायला आयोवातून विस्कॉन्सिनपर्यंत गवत कापण्याच्या यंत्रावर बसून जातो, आणि भाऊ, म्हणजे स्टँटन, दिसतो तो अगदी शेवटी, काही मिनिटे. डेव्हिड लिंच यांना चित्रपट तुकड्यांत पाहिलेला मान्य नसल्यामुळे या डिस्कवर प्रकरणांचे थांबेच नाहीत. स्टँटनकडे उडी मारून जाता येत नाही, यंत्राच्या गतीनेच जावे लागते. वॉकर धरून तो ओसरीवर येतो, भावाला बसायला सांगतो. मग त्याची नजर त्या यंत्रावर जाते. तो ते नीट पाहतो, आणि मला भेटायला तू एवढ्या दूर त्याच्यावर बसून आलास का, असे विचारतो. डोळे भरून येतात आणि तो ते लपवायलाही विसरतो. इंग्रजी फारसे न समजणाऱ्या माझ्या सासूबाई तोवर जपमाळ घेऊन नुसत्या सोबतीला बसल्या होत्या. त्यांनी माळ खाली ठेवली आणि विचारले, ‘किती वर्षं बोलत नव्हते गं हे दोघे?’ दहा, असे मी सांगितले.

सोफी हुबर यांचा २०१२चा माहितीपट गाठोड्यात आहे. त्यात स्टँटन प्रश्नांना उत्तरे देण्यापेक्षा गाणी अधिक म्हणतो. चरित्राची माहिती हवी असणाऱ्याची निराशा होईल, पण आवाज ऐकायचा असेल तर तासभर बरा जातो. शेवटची डिस्क ‘लकी’ची. शंभराहून अधिक चित्रपटांनंतर, वयाच्या नव्वदीत, ही त्याची दुसरी मोठी मुख्य भूमिका, आणि दिग्दर्शक जॉन कॅरल लिंच हेही मुळात डाव्या बाजूचेच नट. लकी सकाळी उठतो, सिगारेट ओढतो, बनियनवर योगासने करतो, कॉफीच्या टपरीत शब्दकोडे सोडवतो आणि रात्री बारमध्ये वाद घालतो. एका मेक्सिकन कुटुंबाच्या समारंभात तो अचानक स्पॅनिशमध्ये गाऊ लागतो आणि वाजंत्रीवाले मागून त्याला साथ देतात. ओकिनावाच्या आठवणी काढणारा दुसरा म्हातारा सैनिक त्याच्यासमोर येऊन बसतो, तो टॉम स्केरिट: ‘एलियन’मधील यानाचा कप्तान, ३८ वर्षांनंतर. हे कागदावर नोंदलेले नाही. मला ते कळले ते दोन्ही डिस्क एकाच पिशवीत होत्या म्हणून. १५ सप्टेंबर २०१७ रोजी स्टँटन लॉस एंजेलिसमध्ये ९१व्या वर्षी वारला आणि ‘लकी’ अमेरिकेतील चित्रपटगृहांत त्यानंतर दोन आठवड्यांनी लागला.

वाचनालय गुरुवारी बंद असते, इतर दिवशी संध्याकाळी साडेचार ते नऊ उघडे. पाणी भरले तर मालक येत नाहीत आणि तसे कळवतही नाहीत, तेव्हा लांबून येणाऱ्यांनी आधी फोन करावा. आगाऊ नोंदणी ते वहीत करतात आणि कधी कधी विसरतात. वॉल्शचे गाठोडे सध्या बाहेर गेलेले आहे आणि त्यासाठी माझ्या आधी दोघांचे नाव लागले आहे. स्टँटनच्या गाठोड्यातील ‘लकी’ची एकच प्रत आहे, ती सासूबाईंना पुन्हा पाहायची असल्यामुळे अजून माझ्याकडे आहे, बुधवारपर्यंत परत करीन.